डोळ्यातलं मास आणि नागपूरचं ऊन

मंडळी, मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकला की आपण कूलरमध्ये पाणी भरतो, डोक्याला दुपट्टा गुंडाळतो, खिशात कांदा ठेवतो. डोळे मात्र उघडेच! इथे गॉगल कोणाकोणाकडे आहे? हात वर करा. लग्नातल्या फोटोपुरता नाही, रोजचा. बघा, किती थोडे हात आले. आणि आपण तर सावलीत बसणारी माणसं. उमरेडच्या खाणीवरचा, वीटभट्टीवरचा, संत्र्याच्या बागेतला माणूस दिवसभर उन्हातच असतो.

याच उन्हानं डोळ्यात मास वाढतं. डॉक्टरी नाव टेरिजियम, म्हणजे आपल्याकडचा नाखुना. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचं पातळ आवरण बहुधा नाकाकडून जाड, लालसर होतं आणि त्याचं त्रिकोणी टोक बुबुळावर चढतं. हा आजार विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साधारण ३७ अंशांपर्यंत जास्त दिसतो. आपलं नागपूर २१ अंशांवर. मुख्य कारण उन्हातली अतिनील किरणं. धूळ आणि कोरडा वारा त्यात भर घालतात. नाकाकडूनच का? कानाच्या बाजूनं येणारा तिरपा उजेड बुबुळाच्या गोलाईमुळे नाकाकडच्या कडेवर एकवटतो, असं मिनास कोरोनिओ यांनी १९९३ मध्ये मांडलं. म्हणून मी बाजूनंही झाकणारा गॉगल घ्या म्हणतो.

काटोलकडच्या एका काकाजींचं सांगतो. माल घेऊन कळमन्याच्या बाजारात यायचे. इलेक्ट्रॉनिक काट्यावरचा आकडा तीन की आठ, हे मान तिरपी केल्याशिवाय कळत नसे. शिबिरात गेले, तर ‘मोतीबिंदू नाही, घरी जा’. मग औषधाच्या दुकानातून लाल डोळ्यांचा ड्रॉप आणला. दोन दिवसांत लाली गेली. काकाजी खूश! मुलगा चिठ्ठीशिवाय तीच बाटली आणत राहिला. तो ड्रॉप स्टेरॉइडचा होता. माझ्याकडे, डोळ्यांच्या डॉक्टरकडे, आले तेव्हा मास बाहुलीच्या काठाशी पोचलेलं आणि स्टेरॉइडनं डोळ्याचा दाब चढलेला. मास काढता आलं. पण त्या दाबानं झालेल्या काचबिंदूनं गेलेली नजर कुठून आणायची? मला याचा फार राग येतो. स्टेरॉइडनं लाली उतरते, मास विरघळत नाही, हे काउंटरवर कोणीच सांगत नाही. आणि ज्या शिबिरात माणूस आपण होऊन डोळा दाखवायला आला, तिथून त्याला रिकाम्या हातानं पाठवायचं?

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. आणि ऑपरेशन तर राहिलंच. भराभर सांगतो.

नजर दोन प्रकारे जाते. आधी मास बुबुळाला ओढून आडव्या दिशेनं चपटं करतं, म्हणून चष्म्याचा सिलिंडरचा नंबर वाढत जातो. पुढे ते बाहुलीसमोर येतं आणि उजेडच अडतो. इतकं थांबल्यावर ऑपरेशन केलं तरी बुबुळावर डाग राहू शकतो. मास लहान असेल, वाढत नसेल, तर नुसतं लक्ष ठेवा. ते बाहुलीकडे सरकतंय किंवा नंबर बदलतोय असं दिसलं, की काढा.

सुश्रुतसंहितेत याला अर्म म्हटलंय. आकड्यानं उचलून ते छाटायची रीतही तिथे आहे. पण नुसतं छाटून जागा उघडी सोडली की मास पुन्हा येतं, आणि पुष्कळांना येतं. १९८५ मध्ये केनियन आणि सहकाऱ्यांनी त्याच रुग्णाच्या डोळ्यातलं निरोगी आवरण तिथे लावण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आज आम्ही बहुधा वरच्या पापणीखालचा तुकडा घेतो. तो टाक्यांनी किंवा फायब्रिन ग्लू नावाच्या गोंदानं बसवतो. पुन्हा येण्याचं प्रमाण त्यामुळे खूप घटतं. भूल डोळ्यापुरती, त्याच दिवशी घरी. नंतर ड्रॉप लागतात, त्यात स्टेरॉइडही असतं, पण ते ठरलेल्या मुदतीपुरतं आणि दाब तपासत.

मोतीबिंदूही असेल, तर मोठं मास आधी काढून बुबुळ स्थिरावू द्यावं. नाहीतर लेन्सचा नंबर चुकतो. शिबिरं भरवणाऱ्या मंडळांचे कार्यकर्ते इथे बसलेत. तुमच्या रजिस्टरात मोतीबिंदूच्या शेजारी नाखुन्याचाही रकाना आखा, आणि त्या माणसाला पुढच्या तपासणीची तारीख देऊनच घरी पाठवा.