रथासमोर उभं राहून

आपल्याकडे रथाचं एक चित्र घरोघरी असतं. कॅलेंडरवर, देव्हाऱ्याशेजारी, नाहीतर रिक्षाच्या मागच्या काचेवर. पांढरे घोडे, वर हनुमंताची ध्वजा, लगाम धरून मागे वळलेला कृष्ण आणि हात जोडलेला अर्जुन. हे चित्र बघताना आपण स्वतः कुठे असतो? रथाच्या आत. एकतर सारथ्याच्या जागी, नाहीतर रथीच्या. महारथी हा आपल्याकडे मानाचा शब्द आणि मनातल्या इच्छेलासुद्धा आपण 'मनोरथ' म्हणतो. त्या रथाच्या समोर पायी उभा असलेला, हातात साधा भाला धरलेला जो कुणी असेल, त्याला काय दिसत होतं हे आपल्याला सहसा सुचत नाही.

हिब्रू शास्त्र, म्हणजे ख्रिस्ती मंडळी ज्याला जुना करार म्हणतात ते, बरंचसं त्या पायी उभ्या माणसाने सांगितलेलं आहे. आजचं बोलणं मी तेवढ्यापुरतंच ठेवणार आहे.

आधी रथ म्हणजे काय वस्तू होती ते बघू. सिनेमातले रथ डोक्यातून काढून टाका. १९२२ साली तुतनखामेन या इजिप्तच्या प्राचीन राजाची कबर सापडली, तिच्यात सहा रथ निघाले, सुटे करून ठेवलेले. लाकूड वाफवून वाकवलेलं, सांधे कच्च्या कातड्याने आवळलेले, आणि तळाला फळी नाही तर चामड्याच्या वाद्यांची वीण, बाजेसारखी. उभ्या माणसाला धक्के कमी बसावेत म्हणून. आपल्या बैलगाडीला तुंबा, आरे, पाटे आणि त्यावर लोखंडी धाव असते. इथे तुंबा आहे, सहा आरे आहेत, पण धाव नाही, वजन वाढतं. असा रथ दोन माणसं सहज उचलून नेऊ शकत. वेग हवा, आणि धनुर्धाऱ्याला उभं राहायला जागा हवी, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

आऱ्यांच्या चाकाचे सर्वांत जुने रथ सापडले ते उरल पर्वताच्या दक्षिणेला, सिंताश्ता संस्कृतीच्या थडग्यांत, साधारण इसवी सनापूर्वी २००० च्या सुमाराचे. तिथून पुढच्या काही शतकांत ही विद्या पश्चिम आशियाभर पसरली. आजच्या तुर्कस्तानात हित्ती नावाच्या बलाढ्य लोकांची राजधानी हत्तुशा होती. तिथे मातीच्या विटांवर कोरलेलं, घोड्यांच्या तालमीचं एक टिपण सापडलं. लिहिणारा सुरुवातीलाच आपलं नाव सांगतो: मितन्नी देशाचा अश्वशिक्षक किक्कुली. मैदानात घोड्यांना किती फेऱ्या मारायला लावायच्या त्यासाठी तो शब्द वापरतो ऐक-वर्तन्न, तेर-वर्तन्न, पंझ-वर्तन्न, सत्त-वर्तन्न, न-वर्तन्न. एक, तीन, पाच, सात, नऊ! कुठलाही भाषांतरकार न घेता आपण हे मोजू शकतो. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो होतो.

पण या टिपणातली कामाची गोष्ट शब्दांपलीकडची आहे. रथाचे घोडे तयार करायला महिनोन्‌महिने लागत. घोडा त्या काळी नांगराला जुंपत नसत. बैल राबून आपल्या वैरणीची फेड करतो. घोडा नुसता जव खातो आणि लढाईची वाट बघतो. तेव्हा ज्याच्याकडे दुसऱ्याचं धान्य गोळा करण्याची ताकद आहे, त्यालाच रथ परवडतो. म्हणजे राजाला.

इजिप्तचा तिसरा थुतमोस मगिद्दोच्या लढाईनंतर ९२४ रथ पकडल्याची नोंद करून ठेवतो. इसवी सनापूर्वी १२७४ च्या सुमारास कादेशला दुसरा रामसेस हित्तींशी भिडला. शत्रूकडे ३,५०० रथ होते असं त्याचे लेख सांगतात. आकडा जिंकल्याचा दावा करणाऱ्याचा आहे, हे लक्षात ठेवून ऐकायचं. इजिप्तच्या रथात दोघं असत, हित्तींच्या रथात तिघं. हिब्रूत 'शालीश' म्हणून सरदाराला एक शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ 'तिसरा', म्हणजे रथातला तिसरा माणूस, असा बरेच अभ्यासक लावतात. पण या लढाया मी इथेच सोडतो. आपल्याला डोंगरावर जायचंय.

कनान देशाचा, म्हणजे आजच्या इस्राएल-पॅलेस्टाईनच्या भागाचा, नकाशा डोळ्यांपुढे आणा. मधोमध डोंगराळ पट्टा, पश्चिमेला किनारपट्टी, उत्तरेला इज्रेलचं सपाट खोरं. इस्राएली लोकांची वस्ती डोंगरात, रथवाली नगरं सपाटीवर. जुन्या करारातल्या शास्ते नावाच्या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात एक वाक्य आहे, त्याचा प्रामाणिकपणा मला फार आवडतो. परमेश्वर यहूदाच्या, म्हणजे इस्राएलाच्या एका वंशाच्या, बरोबर होता, यहूदाने डोंगराळ मुलूख घेतला. पण खोऱ्यातल्या लोकांना त्याला हुसकता आलं नाही, कारण त्यांच्याकडे लोखंडी रथ होते. एकाच वाक्यात! देव पाठीशी आहे आणि तरी रथापुढे इलाज नाही. धर्मग्रंथात असं वाक्य कुणी मागाहून घालत नाही. लोकांना आठवत होतं म्हणून ते राहिलं. 'लोखंडी' म्हणजे बहुधा लोखंडाचे पत्रे आणि कड्या लावलेले. अख्खा लोखंडाचा रथ घोड्यांनी ओढलाच नसता.

आता सीसराची गोष्ट. हा कनानी राजाचा सेनापती. त्याच्याकडे ९०० लोखंडी रथ. समोर दबोरा नावाची संदेष्टी, म्हणजे देवाचा निरोप सांगणारी बाई, तिने बोलावलेला बाराक, आणि ताबोर डोंगरावर जमलेले पायदळाचे लोक. ही हकीकत शास्ते ग्रंथात दोनदा येते, चौथ्या अध्यायात गद्यात आणि पाचव्यात गाण्यात. हे गाणं हिब्रूतल्या सर्वांत जुन्या कवितांपैकी असावं असं बरेच अभ्यासक मानतात. लढाई कशी फिरली हे गद्य नीट सांगत नाही. सीसरा रथातून उतरला आणि पायी पळाला, एवढंच सांगतं. नऊशे रथांचा सेनापती पायी का पळतो? उत्तर गाण्यात आहे. आभाळातून पाणी पडलं, कीशोन नदीने त्यांना वाहून नेलं. ज्यांनी काळ्या रानात पहिल्या पावसानंतर गाडी घातलीय त्यांना पुढचं सांगायला नको.

चिखलात रुतलेलं चाक म्हटलं की आपल्याला कर्ण आठवतो, आणि घशात काहीतरी अडकतं. कारण आपण त्याच्या रथात असतो. इथे तीच गोष्ट समोरून पाहिलेली आहे, आणि समोरच्यांनी त्यावर गाणं रचलंय. इस्राएली लोक इजिप्तच्या गुलामीतून निसटले, त्या लाल समुद्राच्या कथेतही तेच. फारोचे, म्हणजे इजिप्तच्या राजाचे, निवडक ६०० रथ मागे लागले आहेत आणि परमेश्वर त्यांची चाकं काढून टाकतो. काही जुन्या पाठांत 'चाकं अडकवली' असं आहे. काहीही असो, देव चाकापाशी हात घालतो. कारण समोर उभ्या माणसाने रात्रभर प्रार्थना केली असेल ती नेमकी त्या चाकाविषयी.

दबोराच्या गाण्याचा शेवट मात्र वेगळाच आहे. सीसरा याएल नावाच्या बाईच्या तंबूत शिरला, तिने त्याला दूध दिलं आणि तंबूची मेख त्याच्या कानशिलात ठोकली. इथे गाणं संपायला हवं होतं. ते एकदम दुसऱ्या घरी जातं. सीसराची आई खिडकीच्या जाळीतून बाहेर बघतेय. त्याच्या रथाला एवढा उशीर का, चाकांचा आवाज अजून का येत नाही? आणि मग घरातल्या शहाण्या बायका तिची समजूत घालतात, नव्हे तीच स्वतःची घालते: लूट वाटून घेत असतील, एकेका पुरुषाला एक-दोन पोरी, रंगीत भरजरी वस्त्रं. त्या आईची कीव यायला लागते तोच ही ओळ येते आणि आपण गप्प होतो. रथासमोर उभं राहिलेल्यांच्या मुलींचा तो हिशेब आहे. हे गाणं दबोराच्या, एका बाईच्या तोंडी आहे, हे विसरू नका.

पुढे काळ बदलला. लोक शमुवेल या संदेष्ट्याकडे आले आणि म्हणाले, आम्हालाही राजा दे. तो म्हणाला, राजा तुमची पोरं घेईल, त्यांना आपल्या रथांवर ठेवील आणि काहींना रथापुढे पळायला लावील. 'अनुवाद' नावाच्या, मोशेच्या नियमांच्या ग्रंथातला नियमही असाच: राजाने घोडे फार वाढवू नयेत, आणि घोड्यांसाठी लोकांना परत इजिप्तला पाठवू नये. दावीद राजाने पकडलेल्या घोड्यांपैकी शंभर रथांपुरते ठेवले, बाकीच्यांच्या मागच्या पायांच्या शिरा तोडल्या. क्रूर आहे खरं. पण डोंगरातल्या लोकांनी ते कुठे आणि कशावर पोसायचे होते?

त्याचा मुलगा शलमोन राजा झाला, त्याने मात्र १,४०० रथ जमवले. ग्रंथात भावही दिलाय: इजिप्तहून आणलेला रथ ६०० शेकेल चांदी, घोडा १५०. दोन घोड्यांसकट रथ झाला ९०० शेकेल. शेकेल साधारण ११ ग्रॅमचा धरला तर दहा किलोच्या आसपास चांदी. याच शास्त्रात एखाद्याच्या बैलाने गुलामाला हुंदडून मारलं तर भरपाई ३० शेकेल सांगितली आहे. करा हिशेब. एका रथात तीस माणसं बसली. आणि घोड्यांना जव आणि पेंढा कुणी पोचवायचा, तेही लिहून ठेवलंय: मुलखाच्या अधिकाऱ्यांनी, पाळीपाळीने.

पुढचा एक इस्राएली राजा अहाब, त्याच्या वेळेपर्यंत इस्राएल स्वतःच रथवाला झाला होता. इसवी सनापूर्वी ८५३ मध्ये कर्करला अश्शूरी राजा तिसरा शल्मनेसर याच्याविरुद्ध जी आघाडी उभी राहिली, तिच्या यादीत दमास्कसचे १,२०० रथ, हमाथचे ७०० आणि अहाबाचे २,०००. हा आकडा फुगवलेला किंवा लेखनिकाचा घोटाळा असावा असं काहींचं म्हणणं आहे. गंमत अशी की बायबलमध्ये कर्करचा उल्लेखच नाही. शत्रूने दगडावर कोरलेली बढाई घरच्यांनी गाळली. घरच्यांनी जपलं ते वेगळंच चित्र: अहाब वेश बदलून लढाईत गेला, कुणीतरी सहज सोडलेला बाण चिलखताच्या सांध्यात घुसला, त्याला रथातच टेकवून संध्याकाळपर्यंत उभं ठेवलं, आणि रक्त रथाच्या तळाशी साचलं. मग शोमरोनच्या, म्हणजे त्याच्या राजधानीच्या, तळ्यावर तो रथ धुतला आणि कुत्र्यांनी रक्त चाटलं.

याच अहाबाच्या राज्यात एलीया हा संदेष्टा होऊन गेला. दुष्काळ संपायच्या वेळी तो राजाला निरोप पाठवतो: रथ जुंप आणि खाली उतर, नाहीतर पाऊस अडवील. पुन्हा पाऊस, पुन्हा तीच कीशोनची बाजू. मग एलीया कंबर कसून अहाबाच्या रथापुढे इज्रेलपर्यंत पळत जातो. शमुवेलाने सांगितलं होतं ना, तुमची पोरं रथापुढे पळतील? फक्त इथे पळणारा राजाचा चाकर नाही. आणि अखेरीस याच पायी माणसाला न्यायला अग्नीचा रथ आणि अग्नीचे घोडे येतात. मजकूर नीट वाचा: रथाने एलीया आणि त्याचा शिष्य अलीशा यांना वेगळं केलं, आणि एलीया वावटळीतून वर गेला. तो रथात चढला असं लिहिलेलंच नाही! चित्रकारांनी त्याला बसवलं. खाली राहिलेला अलीशा ओरडतो: माझ्या बापा, माझ्या बापा, इस्राएलाचे रथ आणि स्वार! शेकडो शेकेलांच्या त्या पागा एकीकडे आणि केसाळ झगा घातलेला हा एक म्हातारा एकीकडे, आणि अलीशा 'रथ' म्हणतो ते म्हाताऱ्याला.

यहेज्केल या संदेष्ट्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तो विषय मोठा आहे आणि जपून बोलायचा आहे. बाबेलमध्ये, म्हणजे बॅबिलोनमध्ये, बंदिवासात, खबार कालव्याच्या काठी त्याला चाकात चाक, धावांवर डोळेच डोळे, आणि न वळता चारी दिशांना जाणारं सिंहासन दिसलं. त्या अध्यायात 'मर्कावा', म्हणजे रथ, हा शब्द नाही. तो परंपरेने नंतर दिला. मिश्ना या जुन्या यहुदी नियमग्रंथात नियम आहे की हा विषय एकालासुद्धा शिकवू नये, तो शहाणा आणि स्वतःहून समजणारा असल्याशिवाय. इस्राएलच्या रणगाड्याचं नाव आज तेच आहे, मर्कावा.

मघाशी चहाच्या वेळी एकांनी विचारलं, आपल्याकडे याचं काही आहे का. आहे, आणि फार लांब नाही. कोकणातले यहुदी, म्हणजे बेने इस्राएल, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून ज्यांना 'शनवार तेली' म्हणत, ते एलीयाला एलियाहू हन्नाबी म्हणतात. अलिबागजवळ खंडाळ्याला एका खडकावर काही खुणा आहेत. त्याच्या रथाच्या चाकांच्या आणि घोड्यांच्या टापांच्या आहेत, अशी त्यांची श्रद्धा. नवस फेडायला तिथे जातात. शुभकार्याच्या वेळी ताटात गोड पोहे, ओलं खोबरं आणि फळं मांडून मलिदा करतात, आणि त्याचं नाव घेतात.