भातखाचरातला जंतू

(दृश्य: आषाढ. भाताचं खाचर, चिखलात रुतलेली अनवाणी पावलं.)

चिखलणी झाली, लावणीला हात लागलाय. सकाळपासून माणसं वाकलेली आहेत. कुणाच्या टाचेला भेग, कुणाच्या पोटरीला बांधावरच्या काट्याचा ओरखडा. लावणीच्या दिवसांत एवढ्याशा जखमेकडे कोण बघतं?

याच ओल्या मातीत एक जंतू राहतो, बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलेई. तो जखमेतून अंगात शिरतो, दूषित पाण्यातून शिरतो, वादळी पावसात श्वासावाटेही जातो. आजाराचं नाव मेलिऑइडोसिस. साधारण निम्म्या रुग्णांत तो फुप्फुस धरतो. आणि ज्याला मधुमेह आहे, त्याच्यावर त्याचा घाला सर्वांत जास्त.

(दृश्य: उजेडाच्या चौकटीवर लावलेला छातीचा एक्स-रे.)

आता डॉक्टरांच्या जागी बसून पाहा. समोर पन्नाशीचा शेतकरी. ताप येतोय, खोकला जात नाही, वजन उतरलंय. एक्स-रेमध्ये फुप्फुसाच्या वरच्या भागात डाग. आपल्याकडे अशा वेळी पहिलं नाव क्षयाचंच येणार, त्यात डॉक्टरांची चूक नाही. थुंकीत क्षयाचे जंतू दिसत नाहीत, तरी गोळ्या सुरू होतात. पण त्या गोळ्यांनी हा आजार आटोक्यात येत नाही. महिना जातो, दोन जातात. आजार झपाट्याचा असेल, तर तेवढी उसंतही मिळत नाही. जंतू रक्तात उतरतो आणि काही दिवसांत माणूस हातचा जातो.

(दृश्य: जुन्या रंगूनचं छायाचित्र.)

हा आजार पहिल्यांदा ओळखला गेला तो शवविच्छेदनाच्या टेबलावर. १९११ साली, रंगूनमध्ये. तिथले ब्रिटिश डॉक्टर अल्फ्रेड व्हिटमोर आणि त्यांचे सहकारी सी. एस. कृष्णस्वामी यांना काही गोरगरिबांच्या, मॉर्फिनच्या सुया टोचून घेणाऱ्यांच्या फुप्फुसांत वेगळेच गळू दिसले. घोड्यांच्या ग्लँडर्स रोगासारखा जंतू, पण वागणं निराळं. पुढे लोक याला ‘व्हिटमोरचा आजार’ म्हणू लागले. कृष्णस्वामींचं नाव मागे पडलं, म्हणून इथे ते मुद्दाम घेतो.

भारतातल्या रुग्णाची नोंद व्हायला मात्र १९९१ साल उजाडलं. मुंबईतलं एक लहान मूल होतं ते. त्यानंतर मंगळूर, उडुपीचा किनारा, केरळ, तमिळनाडू, ईशान्य भारत अशा ठिकाणी रुग्ण सापडत गेले. जिथे कुणी शोधलं, तिथे सापडले. २०१६ साली संशोधकांनी जगभराचा अंदाज मांडला: वर्षाला सुमारे १ लाख ६५ हजार रुग्ण, ८९ हजार मृत्यू. याला दुर्मीळ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

(दृश्य: प्रयोगशाळा. कल्चरची काचेची बशी, अगदी जवळून.)

निदान होतं ते इथे, रुग्णाच्या रक्तातले-थुंकीतले जंतू बशीत वाढवून, म्हणजेच कल्चर करून. दुसऱ्या दिवशी बशीत बारीक, गुळगुळीत ठिपके दिसतात. घाईत कुणी म्हणेल, स्यूडोमोनास नावाचा दुसराच जंतू आहे, किंवा बाहेरून पडलेली घाण. तीन-चार दिवस थांबलं की त्याच ठिपक्यांवर कोरड्या सुरकुत्या पडतात. आणखी एक खूण आहे. कोलिस्टिन आणि जेंटामायसिन ही औषधं या जंतूवर बहुधा चालत नाहीत, पण साधं को-अमॉक्सिक्लॅव चालतं. हे तिन्ही निकाल एकत्र दिसले की अनुभवी तंत्रज्ञ लगेच सावध होतात. बशीचा वास घ्यायचा नाही. जंतू नाकातून जाऊ शकतो.

एकदा नाव कळलं की औषध आहे. सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम निदान दहा ते चौदा दिवस शिरेतून, मग को-ट्रायमोक्साझोलच्या गोळ्या किमान तीन महिने. बरं वाटलं म्हणून गोळ्या मध्येच सोडल्या, तर आजार उलटतो.

म्हणून पावसाळ्यानंतर मधुमेहाचा रुग्ण लांबलेला ताप घेऊन आला, किंवा क्षयाच्या गोळ्यांनी उतार पडेना, तर रक्त आणि थुंकी दोन्ही कल्चरला पाठवा. सोबतच्या चिठ्ठीवर ‘मेलिऑइडोसिसची शंका’ एवढं लिहा.

(दृश्य: तंत्रज्ञ चिठ्ठी वाचते. टाकून द्यायला उचललेली बशी ती पुन्हा इनक्युबेटरमध्ये ठेवते.)