मशाल जवळ नेली ती तोंड बघायला

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय 'दरबारी मुखवट्यांच्या नाचातून युरोपची रंगभूमी कशी घडली'. तिथे येतोच मी, पण आधी एक गोष्ट सांगू द्या, कारण ही गोष्ट नेहमी अर्धीच सांगितली जाते आणि त्याचा मला मनापासून राग येतो.

२८ जानेवारी १३९३. पॅरिस, सँ-पोलचा राजवाडा. राणी इझाबोच्या एका सखीचं लग्न, बाई विधवा, म्हणजे पुनर्विवाह, आणि अशा लग्नात सोंगं आणून धिंगाणा घालायची तेव्हा तिकडे रीत होती. राजा सहावा शार्ल चोवीस वर्षांचा पोरगा, आदल्याच ऑगस्टमध्ये वेडाचा झटका येऊन त्यानं स्वतःच्याच माणसांवर तलवार चालवली होती, त्यामुळे त्याचं मन रमवा, त्याला हसतं ठेवा असं दरबारात सगळ्यांचं चाललेलं. तर राजा आणि पाच सरदार रानटी माणसं बनले. आता पोशाख कसा ते नीट ऐका हां. लिननचं कापड अंगावरच शिवलेलं, त्यावर राळ थापलेली, आणि राळेवर जवसाच्या धाग्यांचे झुपके चिकटवलेले, डोक्यापासून पायापर्यंत, अंगभर केस उगवल्यासारखे. राळ म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको, मशालीवर चिमूटभर उडवली तरी केवढा जाळ उठतो! त्यांनाही ते कळत होतं, म्हणून हुकूमच होता की मशालवाल्यांनी भिंतीला चिकटून उभं राहायचं. पाच जण एकमेकांना साखळीनं बांधलेले, राजा तेवढा सुटा.

आणि मग राजाचा सख्खा भाऊ, ओर्लेआंचा लुई, उशिरा आला. त्याला हुकूम माहीत नाही. ही सोंगं कोणाची ते बघायला, त्या काळचा बखरकार फ्रॉसार लिहितो, त्यानं मशाल जवळ नेली. बस. एकानं पेट घेतला की साखळीतले सगळेच पेटले. चौघे गेले. नान्तुये नावाचा एकजण साखळी तोडून पेले विसळायच्या पाण्याच्या पिंपात उडी मारून वाचला.

राजा कसा वाचला? इथेच लोक गोष्ट आटोपतात. राजा त्या वेळी बेरीच्या डचेसपाशी उभा होता. नात्यानं त्याची काकू, काकाची दुसरी बायको, आणि वय साधारण चौदा! तू कोण ते कळल्याशिवाय सोडणार नाही म्हणून ती हटून बसलेली, आणि तो नाव सांगेना. आग दिसल्यावर तिनं आपल्या झग्याचा घोळ त्याच्यावर टाकला आणि त्याला झाकून धरलं. राळ लावलेला माणूस कुशीत घ्यायचा म्हणजे काय धाडस लागतं, विचार करा. 'मूर्ख राजाची पार्टी' म्हणून लोक हसतात आणि या मुलीचं नाव कुणी घेत नाही. झान द बुलोन्य. लक्षात ठेवा प्लीज.

माझं म्हणणं ते हेच. दरबारातला मुखवटा लपण्यासाठी नव्हताच, कोण आहे ते ओळखायचं हाच सगळा खेळ. मशाल आणणारा आणि जीव वाचवणारी, दोघांनाही तेच हवं होतं.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत, दहा मिनिटं राहिलीत, तर भराभर सांगतो.

लंडन, ६ जानेवारी १६०५, व्हाइटहॉलचा राजवाडा. पहिल्या जेम्सची राणी अ‍ॅन सहा महिन्यांची गरोदर, तरी दरबारी मुखवट्यांच्या खेळात अकरा बायकांसह स्टेजवर, मजकूर बेन जॉन्सनचा, देखावे इनिगो जोन्सचे, पुढे समुद्राच्या लाटा हलतायत, आणि बायकांनी मुखवट्याऐवजी चेहरे नि कोपरापर्यंत हात काळे रंगवलेले. आफ्रिकेतल्या माणसांचं सोंग! आज हे वाचताना पोटात कालवतं. पण दरबारी डडली कार्लटनची कुरकूर वेगळीच, रंगामुळे कोण कोण ते ओळखूच येईना. आणि स्पेनच्या राजदूतानं राणीच्या हाताचं चुंबन घेतलं तेव्हा त्याच्या ओठाला रंग लागेल की काय अशी कार्लटनला धास्ती! हजारो पौंड एका रात्रीत. आपल्याकडे म्हणतात ना, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, जेम्सच्या खजिन्याला ते लवकरच कळलं. पण रंगवलेले, सरकणारे पडदे, कमानीच्या चौकटीतलं स्टेज, हे इंग्लंडमध्ये मुरलं ते या खेळांतून, आणि १६६० नंतर तिकीट काढून बघायच्या थिएटरांनी तेच उचललं. पत्रिकेतला विषय हाच होता, दोन वाक्यांत उरकावा लागला, माफ करा.

शेवटचं. स्टॉकहोम, १६ मार्च १७९२, ऑपेरा हाऊसमधला मुखवट्यांचा नाच. स्वीडनचा राजा तिसऱ्या गुस्ताव्हला निनावी चिठ्ठी आली होती, जाऊ नका म्हणून. तो गेला. तोंडावर मुखवटा, पण छातीवर मानाचा तारा तसाच, कोणीही ओळखावं. काळ्या झग्यातली माणसं भोवती जमली आणि त्यांतल्या आंकारस्ट्रोम नावाच्या एकानं मागून गोळी घातली. लगेच दारं बंद, आणि एकेकाला मुखवटा काढायला लावून, नाव लिहून घेऊनच बाहेर सोडलं. राजा तेरा दिवसांनी गेला. त्याचे त्या रात्रीचे कपडे स्टॉकहोमच्या शस्त्रागार संग्रहालयात आजही ठेवलेत, मुखवट्यासकट.