सुट्टी गेली, पाव राहिला

आपली राज्यघटना धर्मनिरपेक्ष आणि समाज नखशिखान्त धार्मिक. डेन्मार्कात नेमकं उलटं आहे. तिथल्या घटनेचं चौथं कलमच सांगतं की इव्हँजेलिकल ल्यूथरन चर्च हे डॅनिश जनतेचं चर्च असून सरकार त्याला आधार देईल. माणसं मात्र इहवादी. दहांतले सात जण आजही चर्चचे सभासद आहेत, चर्चचा करही भरतात, पण रविवारी बाकं रिकामी. बारसं, लग्न, अंत्यविधी आणि नाताळची संध्याकाळ, एवढ्यापुरती देवळाची पायरी चढायची.

या देशात १६८६ पासून एक सण होता, ‘महाप्रार्थना दिन’. ईस्टरनंतरचा चौथा शुक्रवार. वर्षभर विखुरलेले उपवास-प्रार्थनेचे बरेचसे छोटे दिवस एकत्र करून हा एक मोठा दिवस नेमला होता. त्या दिवशी कामधंदा बंद. आदल्या संध्याकाळी घंटा वाजली की दुकानं मिटायची. बेकरीवाल्यांनाही भट्टी पेटवायची मुभा नव्हती, म्हणून ते आदल्या दिवशीच गव्हाचे गोल पाव भाजून ठेवत. लोकांनी ते दुसऱ्या दिवशी गरम करून खावेत हा हेतू. पण ताज्या पावाचा वास घरात आल्यावर सकाळपर्यंत थांबतो कोण? गुरुवारी रात्रीच पाव फस्त व्हायचे. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ म्हणणाऱ्यांना हे उलगडून सांगायला नको. आणि त्या पावात काय घालतात माहितेय? वेलदोडा! आपल्या मसाल्याच्या डब्यातला.

तर २०२२च्या डिसेंबरात नवं आघाडी सरकार आलं आणि म्हणालं, संरक्षणावरचा खर्च वाढवायचाय, एक दिवस जादा काम झालं की करही जादा मिळेल, म्हणून ही सुट्टी रद्द. २८ फेब्रुवारी २०२३ला संसदेत मतदान झालं, ९५ विरुद्ध ६८. एक दिवस जास्त काम केल्याबद्दल नोकरदारांना वार्षिक पगाराच्या ०.४५ टक्के भरपाई. प्रार्थनेच्या दिवसाचा बाजारभाव कुणाला हवा असेल तर तो हा.

आता गंमत बघा. बिशपांनी नाराजी दाखवली, आम्हाला आधी विचारलंही नाही म्हणाले. पण खरा आवाज उठवला कामगार संघटनांनी. त्यांच्या अर्जावर साडेचार लाखांहून जास्त सह्या पडल्या. फेब्रुवारीच्या थंडीत संसदेसमोर, आयोजकांच्या अंदाजाने, पन्नास हजार माणसं जमली. त्यांतले किती जण प्रार्थनेच्या दिवशी प्रार्थना करत असतील? फार थोडे, असं मला वाटतं. म्हणून काहीजण त्यांना हसले: यांना सण नको, सुट्टी हवी! मला हा टोमणा पटत नाही. पोरांचा कन्फर्मेशनचा सोहळा, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी दिलेलं वचन स्वतःच्या तोंडाने पक्कं करण्याचा विधी, कितीतरी घरांत त्याच शुक्रवारी व्हायचा. आत्याकाकांनी गावाहून यायचं, टेबल लांबवायचं. श्रद्धा उरो न उरो, सगळ्यांनी एकाच दिवशी मोकळं असणं ही धर्माने दिलेली सोय आहे, आणि ती आपोआप मिळत नाही. प्रत्येकाला वेगवेगळ्या तारखेची रजा देऊन ती भरून निघत नाही.

सरकारांना ही युक्ती जुनीच. डेन्मार्कचाच एक राजा मनाने आजारी असताना कारभार हाती घेतलेल्या डॉक्टर स्ट्रुएन्सेने १७७०मध्ये एकदम अकरा सण कापले. (दोन वर्षांनी त्याचं मुंडकंही कापलं गेलं, पण ते सणांपायी नव्हे.) जर्मनीने १९९५मध्ये वृद्ध-आजाऱ्यांच्या शुश्रूषेच्या विम्यासाठी पश्चात्ताप आणि प्रार्थनेचा बुधवार सोडला. एकट्या सॅक्सनीने तो ठेवला, तोही कामगारांनी विम्याचा जादा हप्ता भरून. सॅक्सनी म्हणजे जुन्या कम्युनिस्ट पूर्व जर्मनीतला प्रांत, जिथे चर्चला जाणारे मोजकेच!

डेन्मार्कात २०२४ साली तो चौथा शुक्रवार २६ एप्रिलला आला. कॅलेंडरात साधा कामाचा दिवस. आदल्या संध्याकाळी बेकऱ्यांत गोल पाव मात्र होतेच. लोकांनी ते घरी नेले, आडवे चिरून भाजले, वर लोणी लावलं, आणि सकाळी डबा घेऊन कामावर गेले.