टेरी टेरम, नॅव्हिगेटर

नमस्कार श्रोतेहो.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीची धरणं फोडली गेली, ती गोष्ट निघाली की विंग कमांडर गाय गिब्सनचं नाव येतं. मला आज बोलायचं आहे ते त्याच्या विमानात नकाशा आणि पेन्सिल घेऊन बसलेल्या नॅव्हिगेटरबद्दल. टॉर्गर टेरम, सगळ्यांचा टेरी. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात, मायलो गावी वाढलेला. वय 22.

16 मे 1943 च्या रात्री ब्रिटिश हवाई दलाच्या 617 स्क्वॉड्रन या तुकडीची 19 लँकॅस्टर बॉम्बफेकी विमानं इंग्लंडहून निघाली. रडार चुकवायचं म्हणून जेमतेम शंभर फुटांवरून, चांदण्यात. इतक्या खालून जाताना नदी, रेल्वेमार्ग, विजेच्या तारा डोळ्यांपुढून भर्रकन निघून जातात. वाऱ्यानं विमान किती सरकलं याचा हिशेब तेवढ्यात करायचा आणि पायलटला दिशा सांगायची.

फोडायच्या धरणांपैकी एक असलेल्या म्योने धरणाशी टेरीवर आणखी एक काम होतं. बॉम्ब नेमका 60 फुटांवरून सोडायचा होता. विमानाच्या पोटाखाली दोन दिवे लावले होते. त्यांचे झोत पाण्यावर एकमेकांना टेकले की उंची बरोबर. समोरून तोफा धडाडत असताना टेरी खिडकीच्या फुगीर काचेतून ते झोत पाहत 'अजून खाली, थोडं वर' असं सांगत राहिला. कौतुक पायलटचं झालं, व्हायलाच हवं होतं. पण ते 60 फूट टेरीनं मोजून दिले होते.

त्या रात्री 8 विमानं परतली नाहीत, 53 जण गेले. धरणांखाली सुमारे 1300 माणसं बुडाली; त्यांत जर्मनांनी पकडून आणलेले परदेशी मजूर खूप होते. टेरीचं कौतुक करताना ही माणसं वगळावीत, असं मला वाटत नाही.

सप्टेंबरमध्ये गिब्सन कॅनडाच्या दौऱ्यावर असताना कॅलगरीत टेरीच्या आईला, हिल्डा टेरम यांना भेटला. लेकाबद्दल त्याच्याच कॅप्टनकडून ऐकायला मिळालं, त्या माउलीला काय वाटलं असेल! त्यानंतर आठवडाही उलटला नाही. 15 सप्टेंबरच्या रात्री जर्मनीतल्या डॉर्टमुंड-एम्स कालव्यावरच्या मोहिमेत टेरीचं विमान पाडलं गेलं. या वेळी पायलट जॉर्ज होल्डन होता. विमानातलं कुणीच वाचलं नाही. टेरी 23 वर्षांचा होता.

धाकटा भाऊ लॉर्नही हवाई दलात गेला, गनर म्हणजे विमानातली बंदूक चालवणारा म्हणून. 1945 च्या फेब्रुवारीत, युद्ध संपायला तीन महिने उरले असताना, हिल्डाबाईंचा हाही मुलगा गेला.