आवाज आधी, चित्र नंतर

नमस्कार श्रोतेहो.

मुंबईतल्या एका जंगलावर बुलडोझर चालून येतात. बिबट्याचा बछडा युवी, त्याची आई बेगम, बजरंगी नावाचं माकड, बग्गा नावाचं अस्वल आणि माणसांची भाषा येणारा पोपट अ‍ॅलेक्स असे पाच जण गाऱ्हाणं मांडायला थेट दिल्लीच्या संसदेकडे निघतात. ‘दिल्ली सफारी’ या संगणक-ॲनिमेशनपटाची ही गोष्ट. दिग्दर्शक निखिल अडवाणी, संगीत शंकर-एहसान-लॉय यांचं आणि ॲनिमेशन आपल्या नाशिकच्या शेजारच्या पुण्यातल्या क्रेयॉन पिक्चर्सचं. १९ ऑक्टोबर २०१२ रोजी चित्रपट प्रदर्शित झाला आणि त्याला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

हिंदीत बजरंगीला आवाज गोविंदा यांचा, बग्गाला बोमन इराणी यांचा, अ‍ॅलेक्सला अक्षय खन्ना यांचा, बेगमला ऊर्मिला मातोंडकर यांचा. ही नावं प्रेक्षकांच्या लक्षात राहतात. पण बग्गा अस्वल चालताना जड वाटतं, पोपट टोमणा मारताना मान तिरकी करतो, तो अभिनय कुणाचा? तो अर्धा माइकसमोर उभ्या असलेल्या नटाचा आणि अर्धा संगणकासमोर बसलेल्या ॲनिमेटरचा. आजचं बोलणं या दोघांबद्दल आहे.

बऱ्याच जणांना वाटतं की आधी चित्रं तयार होतात आणि मग नट येऊन त्यावर बोलतात. दुसऱ्या भाषेत डब करताना तसंच होतं. मूळ भाषेत बहुतेक वेळा उलटा क्रम असतो. आवाज आधी मुद्रित होतो आणि त्यावर चित्र बेततात.

त्याही आधी असतो स्टोरीबोर्ड. चित्रकार प्रत्येक प्रसंगाची रेखाचित्रं काढतात. ती ओळीने लावून, कुठलं चित्र किती सेकंद दिसायचं ते ठरवून, एक कच्चा चित्रपट जोडला जातो. त्याला स्टोरी रील म्हणतात. यातले आवाज तात्पुरते असतात, स्टुडिओतलंच कुणीतरी बोलून टाकतं. कधी तोच आवाज इतका चपखल बसतो की कायम राहतो. ‘द इन्क्रेडिबल्स’मधली ठेंगणी, फटकळ एडना आठवते? तिचा आवाज दिग्दर्शक ब्रॅड बर्ड यांचा स्वतःचा आहे. ‘फाइंडिंग नीमो’मधलं निवांत कासवही असंच, दिग्दर्शक अँड्र्यू स्टँटन यांच्या आवाजात बोलतं.

विनोद जमतोय की नाही, ते या रीलवरच तपासायचं असतं. इथे हशा आला नाही तर दहा रेखाचित्रं नव्याने काढली की भागतं. तोच प्रसंग पूर्ण ॲनिमेट झाल्यावर बदलायचा म्हटलं तर महिन्यांचं काम वाया जातं. ‘टॉय स्टोरी’चं रील १९ नोव्हेंबर १९९३ रोजी डिस्नेच्या अधिकाऱ्यांना दाखवलं तेव्हा त्यातला नायक वुडी इतका कुजकट वाटला की काम थांबवावं लागलं. पटकथा पुन्हा लिहिली गेली, वुडीचा स्वभाव बदलला, आणि १९९५ मध्ये जो चित्रपट आला तो पूर्ण लांबीचा पहिला संगणक-ॲनिमेशनपट ठरला. रेखाचित्रांच्या टप्प्यावर थांबण्याची हिंमत दाखवली म्हणून तो वाचला, असं माझं मत आहे.

आता नटांची निवड. नामांकित नट घेतला की जाहिरातीला मदत होते, पण त्यात एक धोका असतो. आवाज ओळखीचा निघाला की प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे अस्वल राहत नाही, तो नटच येऊन उभा राहतो. म्हणून निवड करताना नटाकडे बघायचंच नाही. पात्राचं चित्र भिंतीवर लावायचं आणि त्याच्याकडे बघत फक्त मुद्रित आवाज ऐकायचा. दुसरी कसोटी तुलनेची. चार-पाच पात्रं एकत्र प्रवास करणार असतील तर डोळे मिटून कोण बोललं ते लगेच कळलं पाहिजे. ‘दिल्ली सफारी’त बग्गाचा भारदस्त आवाज आणि बजरंगीची लगबग यांची सरमिसळ होत नाही, ती याच कारणाने.

लहान मुलाच्या पात्राची अडचण वेगळी. असा चित्रपट पूर्ण व्हायला वर्षं जातात, आणि बारा-चौदाव्या वर्षी मुलग्याचा आवाज फुटतो. पहिल्या वर्षी मुद्रित केलेला युवी आणि तिसऱ्या वर्षी दुरुस्तीसाठी बोलावलेला युवी एकसारखे वाटणारच नाहीत. म्हणून अशा भूमिकांना अनेकदा मुलीचा किंवा बाईचा आवाज देतात. हिंदीत युवीचा आवाज स्विनी खरा या बालकलाकार मुलीचा आहे. इंग्रजी आवृत्तीत तो तारा स्ट्राँग या अनुभवी आवाज-अभिनेत्रीने दिला.

मुद्रणाची खोली बंद, भिंतींना फोम. तोंड आणि माइक यांच्यात साधारण एक वीत अंतर आणि मध्ये जाळीचा पॉप फिल्टर. तो नसेल तर ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना हवेचा झोत माइकवर आदळतो आणि धप्प असा आवाज येतो. तो नंतर पूर्णपणे काढणं अवघड असतं. संहितेचे कागद हातात धरायचे नाहीत, स्टँडवर सुटे पसरून ठेवायचे, कारण पान उलटल्याची सळसळ माइक टिपतो. खळखळणाऱ्या बांगड्या आणि खसखसणारं जॅकेट बाहेर. पाणी कोमट. दूध किंवा चहा पिऊन आलं की तोंडात चिकटपणा येतो आणि प्रत्येक शब्दामागे बारीक टिकटिक ऐकू येते. अशा वेळी आंबट हिरव्या सफरचंदाची फोड चावायला देतात.

नट बहुधा एकेकटे बोलतात. समोरच्या पात्राचे संवाद दिग्दर्शक किंवा सहायक वाचतो. एकाच वाक्याचे निरनिराळ्या सुरांतले बरेच टेक घेतात आणि त्यातून निवडतात. ओरडणं, पडणं, धापा टाकणं, घास चावणं हे सगळं सत्राच्या शेवटी ठेवतात, कारण एकदा घसा बसला की साधे संवादही बिघडतात.

आपल्याकडे कालिदास कलामंदिर नाट्यगृहात काम केलेल्या गुणी नटांना इथे एक सवय मोडावी लागते. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकायची सवय माइकला सोसत नाही. इथे आवाज लहान ठेवायचा आणि भाव मोठा. शरीर मात्र हलू द्यायचं. पळण्याचं वाक्य जागच्या जागी धावल्याशिवाय खरं वाटत नाही. या वेळी कॅमेराही चालू ठेवतात. नटाच्या भुवया कुठल्या शब्दावर उचलल्या जातात ते ॲनिमेटरला नंतर बघायचं असतं.

निवडलेला आवाज ॲनिमेटरच्या हाती जातो आणि सगळ्यात नाजूक काम सुरू होतं. पात्राचं त्रिमिती मॉडेल तयार असतं. रिगिंग करणाऱ्या तंत्रज्ञाने त्यात सांगाडा बसवलेला असतो, आणि पापणी, ओठांचे कोपरे, शेपटी यांना हलवण्याचे नियंत्रक जोडलेले असतात. ‘टॉय स्टोरी’च्या वुडीला असे ७२३ नियंत्रक होते, त्यांतले २१२ एकट्या चेहऱ्यात. रिगिंगवाला पडद्यावर दिसत नाही की ऐकूही येत नाही. पण त्याने ओठाच्या कोपऱ्याला नियंत्रक दिला नाही, तर जगातल्या कुठल्याही ॲनिमेटरला त्या पात्राला हसवता येणार नाही.

समजा, संवाद आहे: ‘बापरे, पळा!’ बोलायला सुमारे एक सेकंद, म्हणजे २४ चौकटी, म्हणजेच एकामागून एक दिसणारी २४ स्थिर चित्रं. ‘बा’च्या आधी ओठ मिटलेले हवेत, निदान दोन चौकटी. एकाच चौकटीत मिटले तर डोळ्याला ते दिसतच नाही आणि शब्द न म्हटल्यासारखा वाटतो. मग जबडा खाली, ‘प’ला पुन्हा ओठ मिटायचे, ‘रे’ला तोंड किंचित रुंद. पुढच्या ‘प’ला घट्ट मिट आणि ‘ळा’वर जबडा सगळ्यात मोठा उघडायचा, सात-आठ चौकटी. तोंडाचे हे आकार आवाजाच्या एक-दोन चौकटी आधी ठेवतात. बरोबर वेळेवर ठेवले तर ओठ उशिरा हलल्याचा भास होतो. नवशिक्याची नेहमीची चूक म्हणजे प्रत्येक अक्षराला जबडा उघडणं. मग पात्र बोलण्याऐवजी पान चघळत असल्यासारखं दिसतं. भरभर बोलताना आपला जबडा फारसा हलत नाही, काम ओठ आणि जीभ करतात.

पोपटाचं काय करायचं? त्याला ओठच नाहीत. मग ‘प’, ‘ब’, ‘म’ला चोच मिटवायची आणि बाकीचा भाव पापण्या, मानेचा कल आणि डोक्यावरची पिसं यांच्याकडून काढायचा. माकडाचा चेहरा सगळ्यात सोयीचा, माणसाच्या जवळचा. बिबट्याचं नाक-तोंड पुढे आलेलं, त्यामुळे समोरून पाहिलं की ओठांच्या हालचाली झाकल्या जातात. अशी पात्रं बोलताना कॅमेरा थोडा बाजूला ठेवतात, ते यासाठी.

वजन ही दुसरी परीक्षा. जड प्राण्याला चालू लागायला आणि थांबायला जास्त चौकटी लागतात, पाय टेकला की कंबर खाली दबते आणि पोट एक-दोन चौकटी मागून येतं. हे चुकलं की अस्वल फुग्यासारखं तरंगतं. पाय जमिनीवरून घसरताना दिसला तर समजा, चालीची लय आणि पुढे सरकण्याचा वेग यांचा मेळ बसलेला नाही.

यानंतर लाइटिंग आणि रेंडर, म्हणजे संगणकाकडून प्रत्येक चौकटीचं अंतिम चित्र काढून घेणं. नव्वद मिनिटांच्या चित्रपटात १,२९,६०० चौकटी होतात. चष्मा लावून बघायच्या थ्री-डी चित्रपटात दोन डोळ्यांसाठी दोन, म्हणजे २,५९,२००. एका चौकटीला चार तास धरले तर साध्या आवृत्तीलाही एका यंत्राला ५९ वर्षं लागतील; शंभर यंत्रं लावली तर सात महिने. केस, पाणी आणि धूर असला की हा वेळ वाढतो. म्हणूनच अस्वलाची लव दिसते तितकी स्वस्त नसते.

आवाज उशिरा बदलला तर काय होतं, ते ‘श्रेक’ने (२००१) दाखवलं. ख्रिस फार्ली यांनी श्रेकचे बहुतेक संवाद बोलून दिले होते. डिसेंबर १९९७ मध्ये त्यांचं निधन झालं आणि भूमिका माइक मायर्स यांच्याकडे गेली. मायर्स यांचं काम बरंच पुढे गेल्यावर त्यांनीच स्कॉटिश ढंगात पुन्हा बोलायचं ठरवलं. लय बदलली, ओठ बदलले, तयार दृश्यं पुन्हा करावी लागली. खर्च मोठा झाला, पण आज श्रेक म्हटलं की तोच ढंग कानात येतो.

डबिंगमध्ये चित्र हलत नाही, त्यामुळे शब्दांनाच वाकावं लागतं. चेहरा जवळून दिसत असेल तिथे संवादलेखक आधी ओठ मिटण्याच्या जागा खुणेने टिपतो आणि तिथे प-वर्गातलं अक्षर आणतो. इंग्रजी पात्र ‘स्टॉप’ म्हणत असेल तर मराठी ‘थांब’ छान बसतं, शेवटी दोन्हीकडे ओठ मिटतात. पात्र पाठमोरं किंवा दूर असेल तर मोकळीक असते, लांबी जुळली की पुरे. ‘द इन्क्रेडिबल्स’ हिंदीत ‘हम हैं लाजवाब’ नावाने आला तेव्हा त्यात वडिलांना शाहरुख खान यांचा आणि मुलाला त्यांचाच मुलगा आर्यन याचा आवाज होता. बाप-लेकाच्या आवाजांतलं खरं साम्य अशा वेळी उपयोगी पडतं.

सुट्टीत मुलांना हे करून बघायचं असेल तर नाशिककरांच्या घरचाच नमुना आहे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी कुंडीतल्या वाटाण्याच्या वेलाची वाढ चौकट-चौकट टिपली होती. ‘आगकाड्यांची मौज’ या चित्रपटात त्यांनी काड्या जिवंत केल्या. तुम्हीही काडीलाच पात्र करून तिचा दहा सेकंदांचा एक संवाद आधी मुद्रित करा. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करा, पंखा बंद ठेवा, शक्यतो रात्री, कुकरच्या शिट्ट्या आणि रिक्षा थांबल्यावर. मग सेकंदाला १२ चौकटी धरून १२० फोटो काढा. मोबाइल स्टँडवर पक्का बांधा. खिडकीच्या उजेडात काम करू नका, ऊन सरकलं की चित्र लुकलुकतं. एकच दिवा लावा आणि कॅमेऱ्याचा फोकस व एक्स्पोजर दोन्ही लॉक करा. काडी एका वेळी अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त सरकवू नका. जिथे पात्र थांबणार असेल तिथे हे अंतर हळूहळू कमी करत न्या, म्हणजे ती धडकल्यासारखी न थांबता नीट थांबेल.

नमस्कार.