दक्षिणेच्या क्षितिजालगत

(दृश्य: पहाट, रामकुंड)

इथे गोदावरी दक्षिणवाहिनी होते. पाण्याच्या त्या वळणासोबत नजर दक्षिणेकडे न्या. तिकडच्या क्षितिजालगत फेऱ्या घालतो आपला ॲस्ट्रोसॅट, ताऱ्यांचा अभ्यास करणारा भारताचा उपग्रह. २८ सप्टेंबर २०१५ ला श्रीहरिकोट्याहून झेपावलेला. साडेसहाशे किलोमीटर उंचीवर, सुमारे ९८ मिनिटांत पृथ्वीला एक फेरी.

नाशिकच्या डोक्यावर मात्र तो कधीच येत नाही. आपण २० अक्षांशावर, आणि त्याची कक्षा विषुववृत्ताशी जेमतेम ६ अंशांनी कललेली. हे ठरवून केलंय. ब्राझीलजवळ, दक्षिण अटलांटिकवर, भारित कणांचा पट्टा पृथ्वीच्या फार जवळ उतरतो. त्यात शिरलं की उपकरणात नुसता कणांचा मारा. विषुववृत्त धरून राहिलं, तर त्या पट्ट्याची फक्त कड लागते.

ही शांतता हवीच. कारण त्याला टिपायचा असतो तो गॅमा किरणांचा, म्हणजे प्रचंड ऊर्जेच्या किरणांचा, स्फोट कधी काही सेकंद टिकतो, कधी एक सेकंदही नाही. कुठे प्रचंड तारा कोसळतो, कुठे दोन न्यूट्रॉन तारे, म्हणजे मेलेल्या ताऱ्यांचे अतिघन गाभे, एकमेकांवर आदळतात. ते किरण नाशिकच्याही आकाशावर येतात, पण हवेचा थर त्यांना वरच शोषून घेतो. घाटावर पोचत काहीच नाही.

(दृश्य: उपकरणाची प्रतिकृती)

ॲस्ट्रोसॅटवरचं हे सीझेडटीआय, किरण टिपणारं उपकरण. कॅडमियम झिंक टेल्युराइडचे ६४ तुकडे, प्रत्येक साधारण ४ सेंटिमीटर बाजूचा, ५ मिलिमीटर जाडीचा. सगळे मिळून १६,३८४ पिक्सेल. बनवलं ते एका दिशेला रोखून बघण्यासाठी. पण किरणांची ऊर्जा शंभर किलोइलेक्ट्रॉन व्होल्टच्या पुढे गेली, की उपकरणाच्या भिंती त्यांना अडवेनाशा होतात. मग बाजूने, तिरपे, कुठूनही आलेले किरण आत पोचतात. मला या यंत्राचं खरं वैभव इथेच वाटतं: दुर्बीण बघते एकीकडे, आणि स्फोट दुसरीकडे झाला तरी सापडतो.

६ ऑक्टोबर २०१५. उपकरण सुरू झाल्याचा पहिलाच दिवस, आणि त्याच दिवशी एक स्फोट नोंदला गेला. नाव पडलं जीआरबी १५१००६ए. जीआरबी म्हणजे गॅमा रे बर्स्ट, गॅमा किरणांचा स्फोट; पुढे वर्ष, महिना, तारीख, आणि त्या दिवशीचा पहिला म्हणून ए. तेव्हापासून सहाशेहून जास्त स्फोट या यंत्राने टिपलेत.

नाशिकहून एसटीने निघालं, तर पाच-सहा तासांत पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संस्था येते. या उपकरणाची माहिती तिथे तपासतात. पडद्यावर दर सेकंदाच्या नोंदींची रेघ, बारीक थरथरणारी, मैलोन्‌मैल सपाट. आणि मधेच एक उभा सुळका.